क्रॅशनंतरचा बॅकट्रेस कसा वाचावा? बंद कंसावर कोसळणारा प्रोग्राम आणि प्रश्नचिन्हांच्या फ्रेम

सह्यवारा (धागाकर्ता)

नमस्कार. एका पतसंस्थेसाठी पासबुक छापणारा सी भाषेतील एक जुना प्रोग्राम माझ्याकडे देखभालीसाठी आलेला आहे. तो डेबियन लिनक्सवर चालतो आणि जीसीसी या कंपायलरने कंपाइल होतो. मेकफाइलमध्ये डीबग माहितीचा पर्याय चालू असून ऑप्टिमायझेशन बंद आहे. बहुतेक सभासदांची पासबुके व्यवस्थित छापली जातात; काही मोजक्या सभासदांच्या बाबतीत मात्र प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतो, आणि प्रत्येक वेळी त्याच सभासदांच्या बाबतीत पडतो. कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची नोंद) मिळवून ती जीडीबी या डीबगरमध्ये उघडली असता दोन सभासदांसाठी दोन वेगळे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनला कोणी बोलावले त्याची यादी; तिची प्रत्येक पायरी म्हणजे एक फ्रेम) दिसले. मेमरीचे पत्ते षोडशमान आकड्यांत आहेत; ते वाचायला सोपे जावेत म्हणून प्रत्येक बाइटनंतर जागा सोडून लिहीत आहे.

पहिला सभासद:
#० प्रिंट_लाइन (), पासबुक.सी, ओळ २१८
#१ ए४ ई० बीई ए४ ई० बी० ए४ ई० : ?? ()
#२ ई० ८२ ए४ ई० ९ए ए४ ई० एई : ?? ()
#३ बी० ए४ ई० ८डी ए५ ई० ए६ ए४ : ?? ()
यापुढच्या फ्रेमही अशाच प्रश्नचिन्हांच्या आहेत.

दुसरा सभासद:
#० प्रिंट_पेज (), पासबुक.सी, ओळ २६४ (खाते हा आर्ग्युमेंट वाचता येत नाही)
बॅकट्रेस थांबला : ०० ०० ७एफ ०० बी५ ए४ ई० सी६ या पत्त्यावरील मेमरी वाचता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ओळ २१८ म्हणजे प्रिंट_लाइन या फंक्शनचा शेवटचा बंद कंस आहे, तेथे कोसळण्यासारखे काय असते? प्रश्नचिन्हांचा अर्थ दोष एखाद्या लायब्ररीत आहे असा घ्यायचा का? आणि क्रॅश दोन वेगळ्या ठिकाणी होत आहेत, म्हणजे दोष दोन आहेत असे समजायचे का?

शून्यदर्शक

प्रश्नचिन्हे दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे त्या लायब्ररीची डीबग माहिती यंत्रावर नसणे. डेबियनमध्ये ही माहिती वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवलेली असते. ती हाताने बसवायची नसेल तर डीबगइन्फोडी ही सेवा वापरावी. जीडीबीच्या १०व्या आवृत्तीपासून तिचा आधार आहे. प्रत्येक बायनरीत जी बिल्ड-आयडी कोरलेली असते, तिच्यावरून योग्य माहिती आपोआप उतरवून घेतली जाते. आधी एवढे करून बॅकट्रेस पुन्हा काढावा आणि मग पुढचा विचार करावा, असे मी सुचवेन. अपुऱ्या माहितीवर तर्क लढवण्यात वेळ जातो.

तळटीप

शून्यदर्शक यांचा सल्ला एरवी योग्य आहे. या बॅकट्रेसला मात्र तो लागू पडणार नाही असे मला वाटते, आणि कारण सविस्तर सांगतो.

प्रश्नचिन्हे दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत दिसतात. पत्ता खऱ्याखुऱ्या कोडचा असतो पण त्याचे नाव जीडीबीला ठाऊक नसते, ही पहिली परिस्थिती. तो पत्ता कोणत्याही कोडचा नसतोच, ही दुसरी. दोन्हींतला फरक पत्त्याकडे नुसते पाहूनही बहुधा कळतो. एक्स८६-६४ वरील लिनक्समध्ये सामान्य प्रोग्रामच्या वाट्याला ४७ बिटांचा पत्त्यांचा प्रदेश येतो, त्यामुळे कोणत्याही वैध पत्त्याचे वरचे दोन बाइट शून्य असतात. लायब्ररी आणि स्टॅक (चालू फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवण्याची जागा) यांचे पत्ते सहसा ०० ०० ७एफ असे सुरू होतात, तर मुख्य प्रोग्रामचे ०० ०० ५५ किंवा ०० ०० ५६ असे. पहिल्या बॅकट्रेसमधील #१, #२ आणि #३ यांची सुरुवात अनुक्रमे ए४, ई० आणि बी० अशी आहे. असा पत्ता या यंत्रावर कोणत्याच लायब्ररीचा असू शकत नाही, म्हणून जगातील सगळी डीबग माहिती उतरवून घेतली तरी या फ्रेमना नाव मिळणार नाही.

मग हे आकडे आले कोठून? याचे उत्तर बॅकट्रेस कसा तयार होतो यात आहे. तो प्रोग्रामच्या प्रवासाचा इतिहास आहे अशी आपली समजूत असते. तशी नोंद प्रोसेसर कोठेही ठेवत नाही. एखादे फंक्शन बोलावताना, ते संपल्यावर कोठे परत जायचे आहे तो पत्ता स्टॅकवर ठेवला जातो, आणि जीडीबी हे परतीचे पत्ते एकामागून एक उचलून त्यांच्या शेजारी फंक्शनची नावे लिहितो. बॅकट्रेसमध्ये असते ती यापुढची परतीची वाट. एरवी आलेली वाट आणि परतीची वाट एकच असल्याने फरक जाणवत नाही. परंतु स्टॅकवरील त्या जागी कोणी दुसरेच काही लिहून ठेवले, तर जीडीबी तेही परतीचा पत्ता समजून तितक्याच निर्विकारपणे छापतो.

बंद कंसाचे कोडेही यातच सुटते. फंक्शनच्या शेवटच्या कंसाला यंत्रभाषेत निश्चित काम असते: स्टॅक आवरणे, जतन केलेली रजिस्टर (प्रोसेसरमधील छोटे साठे) परत भरणे आणि परतीच्या पत्त्यावर उडी मारणे. तो पत्ता अवैध असेल तर परतीची सूचनाच फसते, आणि तिचा ओळ क्रमांक म्हणजे बंद कंस. बंद कंसावर झालेला सेगमेंटेशन फॉल्ट पाहिला की पहिला संशय स्टॅकची मोडतोड झाल्याचाच घ्यावा. नष्ट होऊ पाहणारे ऑब्जेक्ट आणि त्यांचे डिस्ट्रक्टर सी++ मध्ये याच कंसावर चालतात, तो अपवाद वेगळा. तुमचा प्रोग्राम सी भाषेतील असल्याने तो येथे येत नाही.

थोडक्यात, #० ही फ्रेम खरी आहे, कारण ती रजिस्टरमधील चालू पत्त्यावरून आलेली आहे. #१ पासून पुढे जे आहे त्याला फ्रेम म्हणू नका. ते स्टॅकवर पडलेले बाइट आहेत. कृपया पुढील गोष्टी पाहून कळवा: #० फ्रेममध्ये `इन्फो फ्रेम` दिल्यावर परतीचा पत्ता मेमरीत कोठे साठवलेला दिसतो, प्रिंट_लाइनमध्ये स्थानिक अ‍ॅरे कोणते आहेत, आणि `एक्स/२४एक्सबी $आरएसपी` (स्टॅकच्या टोकापासूनचे २४ बाइट) काय छापते.

शून्यदर्शक

पत्त्यांच्या वरच्या बाइटकडे मी पाहिले नव्हते, मुद्दा पटला. तरीही एक शंका राहते. अवैध पत्त्यामुळे फॉल्ट झाला असेल तर सिग्नलच्या माहितीत तो पत्ता दिसायला हवा. माझ्या माहितीप्रमाणे जीडीबीमध्ये `$_सिगइन्फो` या व्हेरिएबलमध्ये तो मिळतो. सह्यवारा यांनी तो तपासावा.

सह्यवारा

पहिल्या सभासदाच्या कोअर फाइलमध्ये `$_सिगइन्फो`तील फॉल्टचा पत्ता चक्क शून्य दिसतो. म्हणजे हा नल पॉइंटरचा, कशाकडेच न दाखवणाऱ्या पॉइंटरचा, प्रकार आहे का? कर्नलच्या लॉगमध्येही त्या वेळी सेगफॉल्टची नेहमीची ओळ नाही. ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ असे लिहिलेले आहे.

तळटीप

या शून्यावर पुष्कळ जण फसतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. एखादा पत्ता रचनेच्या दृष्टीने योग्य असेल, पण त्या जागी मेमरी जोडलेली नसेल, तर प्रोसेसर पेज फॉल्ट देतो आणि कोणत्या पत्त्यामुळे तो झाला हेही कर्नलला सांगतो. पत्ता रचनेतच बसत नसेल, म्हणजे वरचे १७ बिट एकसारखे नसतील, तर होतो तो जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, आणि त्यात प्रोसेसर पत्ता सांगतच नाही. कर्नल मग सिग्नलच्या माहितीत पत्त्याच्या रकान्यात शून्य भरतो आणि कारणाच्या रकान्यात १२८ हा संकेत ठेवतो. म्हणून फॉल्टचा पत्ता शून्य दिसला की लगेच नल पॉइंटर असे म्हणू नये. कारणाचा संकेत १ आहे की १२८ हे आधी पाहावे. तुमच्या लॉगमधील ओळ हेच सांगते आहे.

खऱ्या नल पॉइंटरच्या क्रॅशमध्ये पत्ता पुष्कळदा शून्य नसतो, तर १८ किंवा ४० असा लहानसा षोडशमान आकडा असतो. स्ट्रक्चरचा पॉइंटर नल असतो आणि आपण त्याच्या आतील एखादा घटक वाचू पाहतो, त्यामुळे त्या घटकाचे सुरुवातीपासूनचे अंतर तेवढे पत्ता म्हणून उमटते. `पीटाइप/ओ` ही आज्ञा स्ट्रक्चरमधील प्रत्येक घटकाचे अंतर दाखवते, त्यावरून कोणता घटक वाचला जात होता ते नेमके काढता येते.

सह्यवारा

`एक्स/२४एक्सबी $आरएसपी` याचे उत्तर असे आले:

ई० ए४ बी० ई० ए४ बीई ई० ए४
एई ई० ए४ ९ए ई० ए४ ८२ ई०
ए४ ए६ ई० ए५ ८डी ई० ए४ बी०

प्रिंट_लाइनमध्ये एकच स्थानिक अ‍ॅरे आहे, सभासदाच्या नावासाठीचा, ६४ बाइटांचा. त्याची सुरुवात आणि परतीचा पत्ता साठवलेली जागा यांत ७२ बाइटांचे अंतर आहे.

मूषकराज

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण हे बाइट पाहून राहवले नाही. दर तिसऱ्या जागी ई० आणि त्याच्या मागोमाग ए४ किंवा ए५, ही युटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधील देवनागरीची खूण आहे. देवनागरीचा युनिकोड विभाग ०९०० ते ०९७एफ असा आहे आणि त्यातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिला नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा चिन्हानुसार बदलणारा. तुमच्या २४ बाइटांत म्हणून बरोबर आठ चिन्हे आहेत: र, काना, म, च, अनुस्वार, द, हलन्त, र. जोडून वाचा: रामचंद्र.

प्रोसेसर रामचंद्र या नावावर परत जाऊ पाहत होता! बॅकट्रेसमध्ये हे नाव ओळखू न येण्याचे कारण असे की हा प्रोसेसर आकड्याचा सर्वांत लहान बाइट आधी साठवतो. त्यामुळे आठ-आठ बाइटांचे गट आकडा म्हणून छापले की उलटे दिसतात. #१ मधील ए४ ई० बीई ए४ ई० बी० ए४ ई० हे उजवीकडून डावीकडे वाचले की वरची पहिली ओळ मिळते. टर्मिनल युटीएफ-८ चे असेल तर `एक्स/एस $आरएसपी` देऊन पाहा, जीडीबी स्वतःच नाव छापेल.

अंतराचा हिशेबही जुळतो. हे नाव ‘श्रीमती’पासून सुरू होणारे चार शब्दांचे असावे असा माझा अंदाज आहे: तीन मोकळ्या जागांचे तीन बाइट आणि तेवीस चिन्हांचे एकोणसत्तर, मिळून ७२. ६४ बाइटांचा अ‍ॅरे भरला, त्यापुढे जतन केलेल्या आरबीपी रजिस्टरचे (ते फंक्शनची स्टॅकवरील जागा दाखवते) आठ बाइट भरले, आणि शेवटचा शब्द नेमका परतीच्या पत्त्यावर जाऊन बसला.

सह्यवारा

अंदाज अचूक आहे. नाव ‘श्रीमती’पासूनच सुरू होते आणि शेवटचा शब्द रामचंद्र हाच आहे. सभासदांची नावे पूर्वी रोमन लिपीत होती. ती आता देवनागरीत भरण्याचे काम सुरू आहे आणि या सभासद त्यांपैकीच आहेत. कोडमध्ये नाव `स्ट्रकॉपी`ने, म्हणजे लांबी न तपासता नक्कल करणाऱ्या फंक्शनने, अ‍ॅरेत घेतलेले आहे. दुसरा सभासद मात्र अजून कोड्यात टाकतो, कारण तेथे प्रिंट_लाइन सुखरूप संपलेले दिसते आणि क्रॅश त्याला बोलावणाऱ्या प्रिंट_पेजमध्ये, एका साध्या बेरजेच्या ओळीवर होतो. त्या ठिकाणी आरबीपी रजिस्टरमध्ये ०० ०० ७एफ ०० बी५ ए४ ई० बीई असे आहे.

तळटीप

मूषकराज यांना सलाम. दुसऱ्या बॅकट्रेसमध्येही तेच घडले आहे, फक्त नाव थोडे आखूड आहे.

आरबीपीचे खालचे चार बाइट उलटे वाचा: बीई ई० ए४ बी५. पहिला बीई हा आधीच्या चिन्हाचा, म्हणजे काना या चिन्हाचा, शेवटचा बाइट आहे. पुढचे तीन मिळून ‘व’ होतो. नावाच्या शेवटी ‘ाव’ आहे, म्हणजे बहुधा ‘राव’. नाव तीन शब्दांचे असेल तर दोन मोकळ्या जागा आणि बावीस चिन्हे मिळून ६८ बाइट होतात. ६४ च्या पुढचे चार बाइट जतन केलेल्या आरबीपीवर गेले, स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शून्य बाइट पाचव्यावर गेला, आणि वरचे तीन मूळचेच राहिले. ७एफ च्या पुढे जे ०० दिसते ते हेच शून्य.

परतीचा पत्ता ७२ व्या बाइटपासून सुरू होत असल्याने त्याला धक्का लागला नाही आणि प्रिंट_लाइन व्यवस्थित परतले. पण परतताना त्याने बिघडलेला आरबीपी प्रिंट_पेजच्या हाती दिला. ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रत्येक स्थानिक व्हेरिएबल आरबीपीपासूनच्या अंतरावरून वाचले जाते, त्यामुळे पुढचे पहिलेच व्हेरिएबल वाचताना प्रोग्राम कोसळला. जीडीबीसुद्धा या फ्रेममधून बाहेर पडण्यासाठी त्याच आरबीपीवर विसंबतो. परतीचा पत्ता आरबीपी अधिक ८ या ठिकाणी असतो. बीई मध्ये ८ मिळवले की सी६ होतात, आणि ‘वाचता येत नाही’ म्हणून छापलेल्या पत्त्याचा शेवट सी६ आहे, हे तुमच्या पहिल्या संदेशात आहेच. आर्ग्युमेंट का वाचता आला नाही, त्याचेही उत्तर तेच.

म्हणजे बॅकट्रेस दोन आहेत, फंक्शन दोन आहेत, फॉल्टचे प्रकारही दोन आहेत, आणि दोष एकच आहे. नाव ६३ बाइटांपर्यंत असेल तर काहीच होत नाही. ६४ ते ७१ मध्ये बोलावणारे फंक्शन कोसळते. त्यापुढे बोलावलेले फंक्शन स्वतः कोसळते. पंचनाम्यात प्रेत कोठे सापडले ते लिहिलेले असते, घाव कोठे घातला गेला ते शोधावे लागते. बॅकट्रेसवरून दोषांची वर्गवारी करणाऱ्या संस्थांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण सर्वांत वरच्या फंक्शनच्या नावावरून तक्रारींचे गट पाडण्याची पद्धत सर्रास आहे आणि अशा दोषात ती एकाच बगची दोन तिकिटे काढते.

बिनधोक

धागा वाचनीय झाला आहे. माझाही एक प्रश्न याच जातीचा आहे. माझ्या सी++ प्रोग्रामच्या बॅकट्रेसमध्ये वरून खाली असे दिसते: पीथ्रेड_किल_इम्प्लिमेंटेशन, रेज, अबॉर्ट, लिबसी_मेसेज, मॅलॉक_प्रिंटएरर, इंट_फ्री, फ्री, आणि मग माझे फंक्शन. पडद्यावर ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असा संदेश येतो. माझ्या फंक्शनमध्ये तो पॉइंटर एकदाच मोकळा केलेला आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो. मग दोष जीलिबसी या सी लायब्ररीचा मानायचा का?

तळटीप

नाही. वरच्या सात फ्रेम म्हणजे जीलिबसीने तक्रार नोंदवून प्रोग्राम थांबवण्याची यंत्रणा आहे, त्या वाचण्यात वेळ घालवू नये. अबॉर्ट दिसला की तो क्रॅश प्रोग्रामने स्वतःहून करून घेतलेला आहे असे समजावे. सिग्नलही ११ नसून ६ असतो, आणि शेलमध्ये निर्गम संकेत १३९ ऐवजी १३४ दिसतो. तुमच्या कामाची असते ती वरून येताना भेटणारी तुमची पहिली फ्रेम, आणि तिलाही साक्षीदार मानावे, आरोपी नव्हे.

मॅलॉक (मेमरी मागून घेण्याचे फंक्शन; फ्री ती मोकळी करते) आपले हिशेब वाटलेल्या तुकड्यांच्या शेजारीच लिहून ठेवतो. शेजारच्या तुकड्यात कोणी मर्यादेबाहेर लिहिले, तर हे हिशेब बिघडतात आणि त्याचा सुगावा लागतो तो पुढे कधीतरी, कोणी तरी फ्री किंवा मॅलॉक केल्यावर. स्टॅकवरील मोडतोड निदान त्याच फंक्शनच्या शेवटी किंवा ते परतताच उघडी पडते. हीपवरील, म्हणजे मॅलॉकने दिलेल्या मेमरीतील, मोडतोड आणि तिचा बॅकट्रेस यांत हजारो ओळींचे अंतर असू शकते. त्यामुळे हीपच्या बाबतीत कोअर फाइलकडे पाहत बसण्यापेक्षा प्रोग्राम मेमरी तपासणाऱ्या साधनांखाली पुन्हा चालवणे अधिक फलदायी ठरते. अ‍ॅड्रेससॅनिटायझर हे त्यातील पहिले, क्लँगच्या ३.१ आणि जीसीसीच्या ४.८ या आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. मोकळी केलेली मेमरी वापरली गेल्यास ते एकाऐवजी तीन बॅकट्रेस देते: चुकीचा वापर कोठे झाला, ती मेमरी आधी कोणी मोकळी केली होती, आणि मुळात कोणी मागून घेतली होती. तुमचा प्रश्न दुसऱ्या बॅकट्रेसमध्येच सुटण्याची शक्यता आहे. पुन्हा कंपाइल करणे शक्य नसेल तर व्हॅलग्राइंड आहे, मात्र त्याखाली प्रोग्राम अनेक पटींनी हळू चालतो.

मूषकराज

यात आरआर या साधनाची भर घालतो. मोझिलामध्ये तयार झालेले हे साधन प्रोग्रामचे संपूर्ण चालणे नोंदवून ठेवते आणि नंतर जीडीबीमध्ये ते उलट दिशेनेही चालवता येते. बिघडलेल्या जागेवर हार्डवेअर वॉचपॉइंट लावायचा आणि `रिव्हर्स-कंटिन्यू` म्हणायचे. त्या जागी शेवटचे कोणी लिहिले तेथे प्रोग्राम थांबतो, आणि त्या क्षणाचा बॅकट्रेस सहसा शाबूत असतो. बॅकट्रेसमध्ये जो इतिहास नसतो असे तळटीप यांनी सांगितले, तो इतिहास हे साधन पुरवते. त्याला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागत असल्याने ते सगळ्याच आभासी यंत्रांवर चालत नाही, एवढी अडचण आहे.

शून्यदर्शक

ऑप्टिमायझेशन चालू असलेल्या प्रोग्रामच्या बॅकट्रेसबद्दलही येथेच बोलून घ्यावे, कारण ग्राहकांकडून येणारे बहुतेक बॅकट्रेस तसेच असतात. आर्ग्युमेंटच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसले की काहीतरी बिघडले असे नवीन मंडळींना वाटते. ते मूल्य त्या क्षणी रजिस्टरमध्ये किंवा मेमरीत उरलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. यादीत त्याखालच्या फ्रेमवर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, तेच मूल्य अनेकदा सापडते.

यापेक्षा गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे गायब झालेली फ्रेम. एखाद्या फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणे हेच असेल, तर कंपायलर परतीचा पत्ता ठेवण्याऐवजी सरळ उडी मारतो आणि मधले फंक्शन बॅकट्रेसमध्ये दिसत नाही. अ ने ब ला, ब ने क ला बोलावले, आणि बॅकट्रेसमध्ये अ च्या वर थेट क! कोडमध्ये अ कोठेही क ला बोलावत नाही, म्हणून माणूस तासन्तास शोधत राहतो. तळटीप यांचे परतीच्या वाटेचे सूत्र येथे चपखल बसते: ब कडे परत जायचेच नव्हते, म्हणून ब तेथे नाही.

गणकयंत्री

आमच्याकडे ग्राहकाच्या यंत्रावर जीडीबीही नसतो आणि कोअर फाइलही मिळत नाही. प्रोग्रामच्या आतूनच जीलिबसीचे बॅकट्रेस हे फंक्शन वापरून पत्ते लॉगमध्ये लिहितो आणि नंतर अ‍ॅडर२लाइन चालवून ओळी काढतो. त्या ओळी पुष्कळदा एकने पुढच्या निघतात. असे का होते?

तळटीप

कारण ते परतीचे पत्ते आहेत. परतीचा पत्ता म्हणजे बोलावणाऱ्या सूचनेच्या नंतरची सूचना, आणि ती पुष्कळदा पुढच्या ओळीची असते. जीडीबी हे जाणून असतो आणि #० सोडून इतर फ्रेमच्या पत्त्यातून १ वजा करून ओळ शोधतो. अ‍ॅडर२लाइनला पत्ता कसला आहे ते माहीत नसल्याने वजाबाकी आपण करावी लागते. अबॉर्टसारख्या कधीच न परतणाऱ्या फंक्शनला बोलावणे ही फंक्शनची शेवटची सूचना असेल, तर हा फरक ओळीपुरता राहत नाही: परतीचा पत्ता पुढच्या, संबंध नसलेल्या फंक्शनमध्ये पडतो आणि लॉगमध्ये भलत्याच फंक्शनचे नाव येते. सिग्नलमुळे थांबलेल्या मूळ फ्रेमच्या पत्त्यातून मात्र १ वजा करू नये, कारण तो परतीचा पत्ता नसून प्रत्यक्ष फॉल्ट झालेल्या सूचनेचा पत्ता असतो.

आणखी दोन सूचना. आजकाल प्रोग्राम प्रत्येक वेळी मेमरीत वेगळ्या ठिकाणी चढतो, म्हणून लॉगमध्ये नुसता पत्ता न लिहिता बायनरीच्या सुरुवातीपासूनचे अंतर आणि बिल्ड-आयडी दोन्ही लिहावे. आणि सिग्नल हँडलरमध्ये बॅकट्रेस_सिम्बॉल्स न वापरता त्याचा एफडी हा प्रकार वापरावा, कारण पहिला मॅलॉक करतो, आणि हीप बिघडल्यामुळेच क्रॅश झालेला असेल तर हँडलर तेथेच अडकतो.

सह्यवारा

कळवण्यास उशीर झाला. मेकफाइलमध्ये ऑप्टिमायझेशन चालू करून फॉर्टिफाय_सोर्सचा दुसरा स्तर आणि स्टॅक प्रोटेक्टर हे दोन्ही पर्याय घातले, दोष मुद्दाम तसाच ठेवला आणि त्याच सभासदांचे पासबुक छापून पाहिले. पडद्यावर ‘बफर ओव्हरफ्लो डिटेक्टेड’ असा संदेश आला आणि बॅकट्रेस असा मिळाला: वर अबॉर्टच्या नेहमीच्या फ्रेम, त्याखाली चेक_फेल, स्ट्रकॉपी_चेक, मग प्रिंट_लाइन ओळ २०३, प्रिंट_पेज ओळ २६१, आणि मेन. एकही प्रश्नचिन्ह नाही, आणि ओळ २०३ म्हणजे नेमकी ती स्ट्रकॉपी. दोन्ही सभासदांसाठी बॅकट्रेस आता सारखाच येतो. स्टॅक प्रोटेक्टरचा संदेश मात्र दिसला नाही, तो का?

तळटीप

कारण त्याच्यापर्यंत पाळीच आली नाही. फॉर्टिफाय_सोर्स कॉपी होण्याआधी लांबी तपासतो आणि स्टॅक बिघडण्यापूर्वीच प्रोग्राम थांबवतो, म्हणून परतीचे सगळे पत्ते शाबूत राहिले. स्टॅक प्रोटेक्टर परतीच्या पत्त्याच्या अलीकडे ठेवलेले मूल्य फंक्शन संपताना तपासतो, म्हणजे नुकसान झाल्यानंतर. तो एकटा असता तर गुन्हेगार फंक्शन निश्चित कळले असते, पण त्याखालील फ्रेम पुन्हा रामचंद्र यांच्याच राहिल्या असत्या. दोन्ही पर्याय ठेवा, कारण अ‍ॅरेचा आकार कंपायलरला कळत नाही तेथे पहिला काही करू शकत नाही. उबंटूच्या जीसीसीमध्ये स्टॅक प्रोटेक्टर आपोआप चालू असतो, डेबियनच्या जीसीसीमध्ये तो मागावा लागतो. तुमचा पहिला बॅकट्रेस इतका विचित्र दिसण्यामागे हेही एक कारण होते.

मूषकराज

दुरुस्ती करताना स्ट्रकॉपीच्या जागी `स्ट्रएनकॉपी` घालून मोकळे होऊ नका. नाव बरोबर ६४ बाइटांचे किंवा त्याहून मोठे असेल तर ते फंक्शन शेवटचा शून्य बाइट लिहीतच नाही, आणि छापणारे पुढचे फंक्शन अ‍ॅरेच्या बाहेर वाचत जाते. `एसएनप्रिंटएफ` शून्य लिहितो, पण तोही बाइट मोजतो, चिन्हे नव्हे. ६३ व्या बाइटवर कापताना एखादे चिन्ह अर्धे तुटू शकते आणि छपाईत चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. कापायचेच असेल तर कापण्याच्या जागेचा बाइट ८० ते बीएफ या पट्ट्यात असेपर्यंत मागे यावे, आणि तेथे मात्रा किंवा हलन्त असेल तर आणखी मागे. त्यापेक्षा अ‍ॅरेच मोठा करावा हे बरे. डेटाबेसमधील रकान्याची लांबीही याच वेळी तपासून घ्या: मायएसक्यूएलचा व्हारचार चिन्हे मोजतो, ओरॅकलचा व्हारचार२ वेगळे सांगितले नसेल तर बाइट मोजतो, आणि आधीच तेथे कापली गेलेली नावे कोणत्याही बॅकट्रेसमध्ये दिसणार नाहीत.